खगोलशास्त्रातले नेहमीचे मराठी शब्द : कोणता शब्द नेमका कशासाठी वापरावा?

आकाशयात्री (धागालेखक) :

नमस्कार. आकाशनिरीक्षणाला नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी मी एक छोटी शब्दावली तयार करीत आहे. काम हाती घेताना ते सोपे वाटले होते, कारण ग्रह, तारा, नक्षत्र, उल्का हे शब्द कोणाला ठाऊक नाहीत? प्रत्यक्ष व्याख्या लिहायला बसलो तेव्हा ध्यानात आले की जे शब्द अधिक ओळखीचे तेच अधिक निसरडे आहेत. 'परांचन' हा शब्द बहुतेकांनी ऐकलेलाही नसतो, परंतु त्याचा अर्थ एकच आहे : पृथ्वीचा अक्ष भोवऱ्याच्या अक्षाप्रमाणे डुलत सुमारे २६,००० वर्षांत एक फेरा पूर्ण करतो, ती गती. 'ग्रह' शब्दाचे तसे नाही.

परंपरेतल्या नवग्रहांत सूर्य आहे, चंद्र आहे, राहू आणि केतू आहेत. पृथ्वी मात्र नाही. ही यादी चुकीची होती असे मी म्हणणार नाही. स्थिर ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर जे जे जागा बदलते ते ग्रह, असा तिचा निकष होता आणि त्या निकषावर सूर्य-चंद्र ग्रहच ठरतात. राहू आणि केतू हे तर पदार्थच नव्हेत. चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताशी (सूर्य वर्षभरात ताऱ्यांमधून ज्या मार्गाने सरकताना दिसतो त्याच्याशी) सुमारे ५ अंशांचा कोन करते आणि ती त्याला ज्या दोन बिंदूंत छेदते ते पातबिंदू म्हणजे राहू व केतू. पातबिंदूही सरकतात, म्हणून त्यांनाही यादीत स्थान मिळाले. आज आपण त्याच शब्दाने सूर्याभोवती फिरणारे आठ गोल दाखवतो. शब्द तोच राहिला आणि त्याच्या आतला ऐवज जवळजवळ निम्मा बदलला.

माझा प्रश्न असा आहे की शब्दावलीत असे जुने शब्द ठेवून त्यांची व्याख्या नव्याने बांधावी, की संभ्रम टाळण्यासाठी नवा किंवा उसना शब्द घ्यावा? सरसकट उत्तर नको आहे. एकेका शब्दावर मत द्यावे, ही विनंती.

अक्षरशोध :

'ग्रह' शब्द अर्थातच ठेवावा, मात्र व्याख्येत २००६ सालचा निकष पूर्ण द्यावा. २४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग येथे आंतरराष्ट्रीय खगोलीय संघाने ठरवल्याप्रमाणे ग्रह होण्यासाठी तीन अटी आहेत : त्या पिंडाने सूर्याभोवती फिरले पाहिजे, स्वतःच्या गुरुत्वाकर्षणामुळे त्याला जवळजवळ गोल आकार आलेला असला पाहिजे, आणि आपल्या कक्षेचा परिसर त्याने अन्य पिंडांपासून मोकळा केलेला असला पाहिजे. तिसरी अट प्लूटो पूर्ण करीत नाही. प्लूटोला वगळले ते तो लहान आहे म्हणून, असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते. ते बरोबर नाही, कारण व्याख्येत आकारमानाची कोणतीही मर्यादा घातलेली नाही.

येथेच दोन मराठी शब्दांची गल्लत होते. 'लघुग्रह' म्हणजे मुख्यतः मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान फिरणारे असंख्य खडकाळ पिंड, तर 'बटुग्रह' म्हणजे पहिल्या दोन अटी पूर्ण करून तिसरीत अडलेले पिंड. लघु आणि बटू या दोहोंतून लहानपणच सूचित होत असल्याने नवख्या वाचकाला फरक कळत नाही. सेरेसचे उदाहरण द्यावे. १ जानेवारी १८०१ रोजी तो सापडला तेव्हा त्याला ग्रह म्हटले गेले, त्याच्याच आसपास आणखी पिंड सापडू लागल्यावर तो लघुग्रह ठरला, आणि २००६ पासून तो बटुग्रहही आहे. सेरेसचा व्यास सुमारे ९४० किलोमीटर आहे. दोनशे वर्षांत तो तसूभरही बदललेला नाही.

एक गोष्ट आपल्या भाषेच्या बाजूने नोंदवतो. लघुग्रहासाठीच्या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ 'ताऱ्यासारखा' असा आहे, कारण दुर्बिणीतून हे पिंड ताऱ्यांसारखे ठिपके दिसत. म्हणजे ते नाव केवळ दिसण्यावरून पडले. आपला शब्द त्या पिंडांचे स्वरूप अधिक नेमके सांगतो.

नवखा :

मी या विषयात अगदीच नवा आहे. 'नक्षत्र', 'राशी' आणि 'तारकासमूह' हे तीन शब्द मी आजवर एकाच अर्थाने वापरत आलो. ते वेगळे आहेत का?

मध्यरात्र :

वेगळे आहेत, आणि गोंधळ होणे स्वाभाविक आहे, कारण 'नक्षत्र' हा शब्द एकटाच तीन कामे करतो. पहिले काम मोजपट्टीचे. क्रांतिवृत्ताचे ३६० अंश २७ समान भागांत वाटले की प्रत्येक भाग १३ अंश २० कलांचा (एका अंशाच्या ६० कला) होतो, आणि असा एक भाग म्हणजे एक नक्षत्र. चंद्र ताऱ्यांच्या संदर्भात सुमारे २७.३ दिवसांत एक फेरी पूर्ण करतो, त्यामुळे तो साधारणपणे रोज एका नक्षत्रातून पुढच्या नक्षत्रात जातो. दुसरे काम म्हणजे त्या भागाची खूण असलेल्या ताऱ्यांचे नाव. तिसरे काम त्यांतल्या एका प्रमुख ताऱ्याचे, ज्याला योगतारा म्हणतात. 'आज चंद्र चित्रेजवळ आहे' असे आपण म्हणतो तेव्हा आपल्या मनात तो एकच तारा असतो. राशीची मोजपट्टी याच क्रांतिवृत्तावरची, फक्त तिचे भाग बारा आणि प्रत्येक भाग ३० अंशांचा.

तारकासमूह ही निराळीच गोष्ट आहे. आज संपूर्ण आकाश ८८ तारकासमूहांत विभागलेले असून त्यांच्या सीमा १९३० साली निश्चित झाल्या. या सीमा एखाद्या नकाशावरील जिल्ह्यांसारख्या आहेत, आणि जिल्ह्यांप्रमाणेच त्या समान आकाराच्या नाहीत. त्यामुळे वृश्चिक राशी ३० अंशांची असली तरी वृश्चिक तारकासमूहातून सूर्य जेमतेम आठवडाभरात बाहेर पडतो आणि त्यानंतर सुमारे अठरा दिवस भुजंगधारी या तारकासमूहात असतो, ज्याचे नाव बारा राशींत नाहीच. दरवर्षी कोणीतरी 'तेरावी राशी सापडली' अशी बातमी देते. सापडलेले काहीच नसते. एका मोजपट्टीचे आकडे दुसरीवर वाचले गेलेले असतात.

आकाशयात्री :

मध्यरात्र, मोजपट्टी आणि जिल्हे हा भेद मी जसाच्या तसा उचलतो. याला जोडून 'तारकागुच्छ' हा शब्दही घ्यावा लागेल. तारकासमूहातील तारे एकमेकांजवळ दिसतात, पण त्यांचा परस्परांशी संबंध असेलच असे नाही. तारकागुच्छातील तारे एकाच मेघातून जन्मलेले आणि गुरुत्वाकर्षणाने एकत्र असलेले असतात. कृत्तिका हा खरा तारकागुच्छ आहे.

सप्तर्षी मात्र या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसतात. सातांपैकी मधले पाच तारे सुमारे ८० प्रकाशवर्षांवर असून ते अवकाशात एकाच दिशेने प्रवास करीत आहेत, म्हणजे त्यांचे मूळ एक आहे. दोन टोकांचे क्रतू आणि मरीची हे मात्र अधिक दूरचे असून त्यांची वाट वेगळी आहे. एखादा लाख वर्षांनंतर ही आकृती आजच्यासारखी दिसणार नाही. शब्दावलीत एवढे सगळे मावणार नाही, पण सांगितल्यावाचून राहवले नाही.

दुर्बीणधारी :

माझा आग्रह 'प्रत' या शब्दासाठी आहे. ताऱ्याचे तेज दाखवणाऱ्या आकड्याला अलीकडे 'मॅग्निट्यूड' असे सर्रास लिहिले जाते, आणि मग अंक लहान असताना तारा अधिक तेजस्वी कसा, हे समजावताना लिहिणाऱ्याची दमछाक होते. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ 'मोठेपणा' असल्याने तिथे अडचण आहेच. मराठीत ती उद्भवतच नाही. पहिल्या प्रतीचा माल दुसऱ्या प्रतीच्या मालापेक्षा सरस असतो हे कोणालाही शिकवावे लागत नाही, आणि ताऱ्यांच्या प्रतींचा उगमही अशाच वर्गवारीत आहे : नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या ताऱ्यांचे प्राचीन ग्रीकांनी सहा वर्ग पाडले, सर्वांत ठळक ते पहिले आणि जेमतेम दिसणारे ते सहावे. १८५६ साली इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन पॉगसनने या वर्गवारीला गणिती रूप दिले. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात शंभर पट फरक, आणि म्हणून एका प्रतीचा फरक सुमारे २.५१२ पट. शून्याच्या पलीकडे ऋण अंक आले, कारण काही गोल पहिल्या प्रतीपेक्षाही कितीतरी सरस निघाले : व्याध उणे १.४६, पौर्णिमेचा चंद्र सुमारे उणे १२.७, सूर्य उणे २६.७.

अट एकच. 'दृश्य प्रत' आणि 'निरपेक्ष प्रत' यांत भेद करायलाच हवा. आपल्याला दिसते ती दृश्य प्रत. सर्व तारे ३२.६ प्रकाशवर्षांवर, म्हणजे दहा पार्सेकवर, नेऊन ठेवले असे मानले तर त्यांची जी प्रत दिसेल ती निरपेक्ष. त्या अंतरावरून आपला सूर्य ४.८ प्रतीचा दिसेल, म्हणजे अंधाऱ्या आकाशातही शोधावा लागेल असा एक मंद ठिपका.

नवखा :

प्रकाशवर्षाचा उल्लेख दोनदा आला म्हणून विचारतो. 'वर्ष' म्हटल्यावर ते कालमापन नव्हे का?

दुर्बीणधारी :

नव्हे. प्रकाश एका वर्षात जितके अंतर कापतो ते अंतर म्हणजे प्रकाशवर्ष, सुमारे ९.४६ लाख कोटी किलोमीटर. 'काही कोटी प्रकाशवर्षांपूर्वी' असे वाक्य दिसले की तिथे चूक आहे असे खुशाल समजावे. सूर्यमालेच्या आत हे एकक फार मोठे पडते, म्हणून तिथे 'खगोलीय एकक' वापरतात. ते पृथ्वी आणि सूर्य यांच्यातील सरासरी अंतराइतके, सुमारे १४ कोटी ९६ लाख किलोमीटर असते.

अक्षरशोध :

आता ज्या जोडीवर मी स्वतः अनेकदा अडखळलो आहे ती जोडी : 'परिवलन' आणि 'परिभ्रमण'. शालेय भूगोलात परिवलन म्हणजे स्वतःच्या अक्षाभोवती फिरणे आणि परिभ्रमण म्हणजे सूर्याभोवती फिरणे, असा संकेत आहे. तो पाळावा. तथापि दोन्ही शब्द 'परि'ने सुरू होत असल्याने ते लक्षात ठेवायला काही आधार लागतो. 'वलन' म्हणजे वळणे आणि 'भ्रमण' म्हणजे फिरस्ती, एवढे ध्यानात ठेवले की पुरे : जागेवर वळते ते परिवलन, गाव सोडून भटकते ते परिभ्रमण.

हा भेद किती महत्त्वाचा आहे ते शुक्रावर कळते. शुक्राचे एक परिवलन २४३ दिवसांत होते आणि परिभ्रमण २२५ दिवसांत, म्हणजे स्वतःभोवतीची एक गिरकी पूर्ण होण्याआधीच त्याची सूर्यप्रदक्षिणा आटोपलेली असते. शिवाय ते परिवलन उलट दिशेने असल्यामुळे तिथे एका सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंत पृथ्वीवरचे सुमारे ११७ दिवस जातात. अशा ठिकाणी नुसते 'फिरणे' हे क्रियापद लिहून भागत नाही. आपल्या चंद्राच्या बाबतीत दोन्ही काळ समान, सुमारे २७.३ दिवसांचे आहेत, आणि त्यामुळेच त्याची एकच बाजू आपल्याकडे असते. 'चंद्र स्वतःभोवती फिरत नाही' हे विधान त्यातूनच जन्माला येते. तो स्वतःभोवती फिरला नसता, तर महिन्याभरात त्याच्या सर्व बाजू आपल्याला दिसल्या असत्या.

मध्यरात्र :

माझी हरकत 'तेजोमेघ' या शब्दावर आहे. तो अत्यंत सुंदर आहे, उच्चारायला गोड आहे, आणि निम्म्या वेळा चुकीचा आहे. ताऱ्यांमधल्या अवकाशातील वायू आणि धूलिकण यांच्या मेघाला आपण हे नाव देतो. मृग तारकासमूहातील प्रसिद्ध मेघ स्वतः प्रकाशतो, त्याला ते शोभतेही. त्याच तारकासमूहात घोड्याच्या डोक्यासारखा दिसणारा एक मेघ आहे. तो दिसतो तो मागचा प्रकाश अडवतो म्हणून. त्याला काय म्हणावे, 'कृष्ण तेजोमेघ'? याउलट 'अभ्रिका' या शब्दात मेघ एवढीच कल्पना आहे आणि तेजाची अट नाही. त्यामुळे 'कृष्ण अभ्रिका' म्हणताना जीभ अडत नाही. एखाद्या संज्ञेच्या आधी 'कृष्ण' किंवा 'मृत' असे विरुद्ध विशेषण लावून पाहावे, ही माझी चाळणी आहे. संज्ञा मोडली, तर तिच्यात गरजेपेक्षा जास्त अर्थ भरला आहे असे समजावे.

याच चाळणीतून 'नवतारा'ही पाहावा. 'जुना नवतारा' हे ऐकायला विचित्र आहे, परंतु प्रत्येक नवतारा जुनाच असतो. श्वेत बटू म्हणजे ताऱ्याचा विझत चाललेला घट्ट गाभा, आणि तो शेजारच्या ताऱ्याकडून द्रव्य ओढून घेतो. ते पृष्ठभागावर साठत जाऊन एकदम पेटते आणि जिथे काही दिसत नव्हते तिथे तारा दिसू लागतो. पाहणाऱ्याला तो नवा वाटला. इथे मात्र पर्याय नाही, कारण जगभर हेच नाव रूढ आहे आणि 'अतिनवतारा' हा शब्दही त्यावरच उभा आहे. व्याख्येत खुलासा करावा आणि पुढे जावे.

दुर्बीणधारी :

तेजोमेघाविषयी असहमत. शब्द लोकांच्या तोंडी बसलेला आहे आणि नवख्याला आकाशाकडे ओढण्याची ताकद त्यात आहे. 'अभ्रिका' ऐकून कोणी गच्चीवर धावेल असे मला वाटत नाही.

मध्यरात्र :

गच्चीवर कोणी धावले तरी कृष्ण अभ्रिका त्याला दिसणार नाही, हे मान्य. पण शब्दावलीचे काम ओढण्याचे नव्हे, आल्यावर चुकू न देण्याचे आहे.

आकाशयात्री :

दोघांचेही म्हणणे पटते. मुख्य नोंद 'अभ्रिका' या नावाने करतो आणि 'तेजोमेघ' हा शब्द स्वयंप्रकाशी किंवा उजळलेल्या अभ्रिकेपुरता ठेवतो. त्याच पानावर 'बिंबाभ्रिका' येईल. इंग्रजीच्या धर्तीवर तिला 'ग्रहीय अभ्रिका' म्हटले जाते, परंतु ग्रहांशी तिचा काहीही संबंध नाही. सूर्यासारख्या ताऱ्याने अखेरच्या काळात बाहेर टाकलेले वायूचे कवच लहान दुर्बिणीतून ग्रहाच्या बिंबासारखे गोल दिसते, इतकेच. बिंब दिसते म्हणून बिंबाभ्रिका हे नाव कोणाचीही दिशाभूल करीत नाही.

'दीर्घिका' आणि 'आकाशगंगा' यांविषयी मला शंका नाही. दीर्घिका म्हणजे गुरुत्वाकर्षणाने एकत्र असलेला ताऱ्यांचा प्रचंड समूह. आकाशगंगा हे आपल्या दीर्घिकेचे विशेषनाम आहे, म्हणून 'देवयानी आकाशगंगा' असे लिहिणे म्हणजे 'गोदावरी गंगा' असे लिहिण्यासारखे आहे. सुमारे २५ लाख प्रकाशवर्षांवरची ती देवयानी दीर्घिका.

नवखा :

'कृष्णविवर' या शब्दाला मध्यरात्र यांची चाळणी लावली तर? चंद्रावरच्या खळग्यांनाही आपण विवरेच म्हणतो. मला कित्येक वर्षे कृष्णविवर हा अवकाशातला खड्डा वाटत असे.

अक्षरशोध :

उत्तम प्रश्न. चंद्रावरचे विवर हा खरोखरच खड्डा आहे, आघाताने झालेला. कृष्णविवरात पोकळी नाही. उलट फार थोड्या जागेत अफाट द्रव्य कोंबलेले आहे. सूर्याचे कृष्णविवर करायचे झाले, तर त्याचे सारे वस्तुमान सुमारे तीन किलोमीटर त्रिज्येत दाबावे लागेल. ते झाले तरी पृथ्वीची कक्षा आहे तशीच राहील, कारण वस्तुमान तेवढेच असेल. कृष्णविवर सर्व काही ओढून घेते ही समजूत 'विवर' या शब्दानेच पोसली आहे. पण हा शब्द आता बदलता येणार नाही. चंद्राच्या नोंदीत 'आघात विवर' असे पूर्ण लिहावे, म्हणजे दोघांत अंतर पडेल.

दुर्बीणधारी :

झाकले जाण्याचे तीन शब्द राहिले : ग्रहण, पिधान आणि अधिक्रमण. मोठ्या दिसणाऱ्या बिंबाने लहान बिंब किंवा तारा पूर्ण झाकला तर ते पिधान. चंद्राआड एखादा तारा जातो तसे. लहान बिंब मोठ्या बिंबावरून सरकत गेले तर ते अधिक्रमण. शुक्राचे असे अधिक्रमण २००४ आणि २०१२ साली झाले आणि पुढचे २११७ साली आहे. ग्रहणात मात्र सावली पडते. चंद्रग्रहणात ती चंद्रावर पडते, म्हणून ते ग्रहण निःसंशय आहे. सूर्यावर कोणाची सावली पडत नाही. चंद्र मध्ये येतो आणि सूर्य झाकतो, म्हणजे काटेकोरपणे पाहिल्यास सूर्यग्रहण हे पिधानच ठरते. पृथ्वीवर चंद्राची सावली पडते या दृष्टीने ग्रहण म्हणायचे असेल, तर ते पृथ्वीचे. अर्थात 'सूर्यपिधान' असे लिहायला मी सुचवीत नाही, माझी तेवढी हिंमत नाही.

ताऱ्यांतही हा प्रकार आढळतो. ययाती तारकासमूहातील मायावती हा तारा दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मंद होतो, कारण त्याचा जोडीदार त्याच्यासमोरून जातो. २.१ प्रतीवरून तो ३.४ प्रतीपर्यंत उतरतो, म्हणजे त्याचे तेज एक तृतीयांशाहूनही खाली येते, आणि हे नुसत्या डोळ्यांनी पाहता येते. अशा ताऱ्यांना 'रूपविकारी तारे' म्हणतात, आणि साऱ्या खगोलशास्त्रात मला याहून आवडता मराठी शब्द नाही.

आकाशयात्री :

आभार. उरलेल्यांपैकी काही शब्दांवर वाद नसावा. आकाशातून चमकून जाणारी ती उल्का आणि जमिनीपर्यंत पोहोचलेला तुकडा तो अशनी. धूमकेतूसोबत 'शेंडेनक्षत्र' हा जुना शब्दही देईन, फक्त त्याचा शेंडा प्रवासाच्या उलट दिशेला नसून सूर्याच्या विरुद्ध दिशेला असतो, एवढे सांगावे लागेल. युरेनससाठी 'प्रजापती' आणि 'हर्षल' ही दोन्ही नावे मराठीत चालतात. मी 'युरेनस' ही मुख्य नोंद करून बाकीची तिच्याखाली घालतो. 'बाह्यग्रह' मात्र बाद. कोणी त्याने मंगळापासून पुढचे ग्रह दाखवतात, कोणी अन्य ताऱ्यांभोवतीचे. पहिल्यांना 'बहिर्ग्रह' आणि दुसऱ्यांना 'परतारकीय ग्रह' असे लिहितो.

शेवटची नोंद तपासून हवी आहे. 'वक्री : पृथ्वी आपल्या कक्षेत मंगळाला मागे टाकून पुढे जाते त्या सुमारास, म्हणजे दर सुमारे २६ महिन्यांनी, मंगळ ताऱ्यांच्या संदर्भात काही आठवडे उलट, पश्चिमेकडे सरकतो. या काळात तो वक्री होतो असे म्हणतात. या काळाच्या मध्याच्या सुमारास त्याची सूर्याशी प्रतियुती असते, म्हणजे तो आकाशात सूर्याच्या विरुद्ध बाजूला असतो, आणि तो रात्रभर दिसतो.'

अक्षरशोध :

नोंद ठीक आहे, दोन क्रियापदे तेवढी बदलावीत. पहिल्या वाक्यात 'सरकतो' ऐवजी 'सरकताना दिसतो' लिहावे आणि दुसऱ्यात 'वक्री होतो' ऐवजी 'वक्री दिसतो'. त्या आठवड्यांतही मंगळ सूर्याभोवती नेहमीच्याच दिशेने जात असतो.